वहिवाटीची नोंद : मावळातील जुन्या वाटांविषयी

‘वहिवाट’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो, की त्याच्या पोटात एक वाट आहे याचा विसर पडतो. जमीन कसण्याची वहिवाट, देवस्थानच्या पूजेची वहिवाट, घराण्यातल्या कुळाचाराची वहिवाट, या सर्व प्रयोगांत अर्थ एकच : पूर्वापार अखंड चालत आलेला व्यवहार. मराठी माणसाच्या लेखी हक्क आधी पायाखाली तयार होत असे आणि तंटा उद्भवलाच तर मग कागदावर येत असे. पाऊल पडत राहिले की वाट मळते, पाऊल थांबले की वाट मोडते किंवा बुजते. भाषेने वाटेचे जगणे-मरणे असे चालणाऱ्यावर सोपवलेले आहे.

आज मावळात ज्या वाटा मोडत आहेत त्या मात्र चालणारे उरले नाहीत म्हणून नव्हे. किल्ले आणि लेणी पाहायला येणारे पूर्वीपेक्षा कितीतरी वाढले आहेत. वाटा मोडतात त्या कुंपणांनी. कुंपण घालणाऱ्याला विचारावे तर तो सात-बाराचा उतारा पुढे करतो, आणि चालणाऱ्याजवळ पुढे करायला कागद नसतो. असा कागद कोणता असू शकतो, तो पूर्वी कसा तयार होत होता आणि आज का होत नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

सोमाटणे हे गाव या प्रश्नाकडे पाहण्यासाठी सोयीचे आहे. तळेगाव दाभाड्याच्या पुढे, पुण्याकडे जाताना लागणारे हे गाव. एका अंगाला जुना मुंबई-पुणे महामार्ग, दुसऱ्या अंगाला द्रुतगती मार्ग, पलीकडे पवनेचे खोरे, आणि वर चौराई देवीचा डोंगर. घाटमाथा आणि पुणे यांच्यामधली सगळी रहदारी या पट्ट्यातून शतकानुशतके गेली. कार्ल्याच्या शिलालेखांत ‘मामाल’ या आहाराचे, म्हणजे प्रशासकीय विभागाचे, नाव येते आणि अभ्यासक त्याचे नाते ‘मावळ’शी जोडतात. त्याच लेण्यात दान देणाऱ्यांमध्ये सोपाऱ्याचा माणूस आहे, धेनुकाकटाचे यवन आहेत, वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे. ही माणसे कुठल्या तरी वाटेने आली, पण वाटेविषयी त्यांनी एक अक्षर कोरले नाही. खांब कुणी दिला हे दगडावर आले. खांबापर्यंत कसे यायचे हे सर्वांना ठाऊकच होते.

वाटांच्या इतिहासात हेच पुन्हा पुन्हा घडते. सर्वांना ठाऊक असलेले कुणी लिहीत नाही. जी वाट लिहिली गेली ती एक तर सैन्याची, नाही तर जकातीची. १७७९ च्या जानेवारीत इंग्रजांची फौज बोरघाट चढून खंडाळा, कार्ले, तळेगाव अशी पुण्याकडे सरकत होती. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, आपल्या बखरींच्या आणि लोकांच्या तोंडचा ‘इष्टुर फाकडा’, पडला. ९ जानेवारीला फौज तळेगावास पोचली, ११ च्या रात्री मागे फिरली आणि १६ जानेवारीला वडगावचा तह झाला. सोमाटणे तिने पाहिलेच नाही. या मोहिमेमुळे घाटापासून तळेगावपर्यंतचा मार्ग मुक्कामा-मुक्कामाने इतिहासात नोंदला गेला, आणि तळेगावच्या पुढचे काही कोस निव्वळ पराभवामुळे त्या नोंदीतून सुटले. खोपोलीला नाना फडणविसांनी बांधलेला तलाव हीसुद्धा एक नोंदच आहे. घाट चढण्याआधी माणसे आणि जनावरे तिथे थांबत, हे त्या दगडी बांधकामावरून आजही सिद्ध करता येते.

पुढे १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, १८५८ मध्ये पुणे-खंडाळा लोहमार्ग, १८६३ मध्ये घाटातली चढण, आणि २००२ मध्ये संपूर्ण द्रुतगती मार्ग. प्रत्येक नव्या रस्त्याने जुन्या वाटेचे काही ना काही केले. गाडीरस्त्याने तिला आपल्या पोटात घेतले, लोहमार्गाने ती फाटकापाशी अडवली आणि तिथूनच सोडलीही. द्रुतगती मार्गाने मात्र ती कापली. या मार्गावर पायी चालणाऱ्याला प्रवेशच नाही, तेव्हा आडव्या जाणाऱ्या वाटेला जिथे भुयारी मार्ग ठेवला तिथेच ओलांडायचे. दोन गावांमधली पूर्वीची सरळ वाट अशी काही ठिकाणी वळसा घालणारी झाली. वळसा घेऊन जाणारी वाट कुणी फार काळ चालत नाही.

१८८५ साली प्रसिद्ध झालेले पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर घाटवाटांची नावे देते. मावळातून कोकणात उतरणाऱ्या कुसूर घाटासारख्या वाटांविषयी वाचायचे तर आजही तिथेच जावे लागते. पण गॅझेटियरची नजर व्यापाराची. बैल चढू शकतो की नाही, हे त्या पाहणीला महत्त्वाचे. पाणवठ्याकडे, देवीच्या डोंगरावर किंवा शेजारच्या गावी माहेरी जाणारी वाट त्यात असण्याचे कारण नव्हते.

तिची नोंद झाली ती वेगळ्या दप्तरात, आणि ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना माहीत नसते. इंग्रजी अमदानीत जमाबंदीसाठी गावोगाव मोजणी झाली तेव्हा जे गावनकाशे तयार झाले त्यांत वाटा काढलेल्या आहेत. गावाहून गावाला जाणारा रस्ता दोन भरीव रेषांनी, गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी आणि पायमार्ग एका तुटक रेषेने. शासनाच्या कागदांत गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट आणि पायमार्गाची सव्वाआठ फूट अशी दिलेली आढळते. सव्वाआठ आणि साडेसोळा हे आकडे चमत्कारिक वाटतात. पण गुंठ्याची बाजू तेहतीस फुटांची असते हे आठवले म्हणजे उलगडा होतो. तेहतीसचा पाव भाग सव्वाआठ आणि निम्मा साडेसोळा. मोजणीदाराची साखळी त्या रुंदीत अजून शिल्लक आहे.

या रेषांमधला फरक केवळ जाडीचा नाही. भरीव रेषांचा रस्ता सर्व्हे नंबरांच्या बाहेर असतो. ती जमीन कुणा शेतकऱ्याची नव्हे. तुटक रेषेची वाट मात्र खाजगी जमिनीच्या आतून जाते. तिचे क्षेत्र त्या सर्व्हे नंबरातच मोजलेले असते, फक्त त्यावर आकारणी केलेली नसते, कारण ते ‘पोटखराबा’त धरलेले आहे. महसुली नियमांत पोटखराबाचे दोन वर्ग आहेत. ‘अ’ वर्ग म्हणजे खडकाळ, लागवडीला नालायक जमीन. ‘ब’ वर्ग म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेली किंवा रस्ता, मान्य पायवाट, इतरांच्याही वापरातला ओढा अथवा तळे यांनी व्यापलेली जमीन. म्हणजे सरकारने शेतकऱ्याला जणू सांगितले : जमीन तुझ्या नावावर राहो, पण एवढ्या पट्ट्याचा सारा आम्ही घेत नाही, कारण तिथून लोक जातात. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा हा सौदा आहे, आणि तो लिहिलेला आहे. मावळातल्या ज्या भूखंडाभोवती आज तारेचे कुंपण उभे राहते, त्याच्या पोटखराबात अशी एखादी वाट असू शकते. खरेदीखत करताना ती पाहण्याची तसदी कोण घेतो?

पुढे जमिनींचे एकत्रीकरण झाले. १९४७ च्या कायद्यानुसार ठिकठिकाणी सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले, हद्दी नव्याने आखल्या गेल्या. जुना नकाशा आणि नवा गट एकमेकांवर ठेवून वाट कुठून जाते हे दाखवणे जिकिरीचे झाले. शिवाय मोजणीच्या वेळी ज्या वाटा नकाशावर आल्याच नाहीत, त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नावर आपला कायदा काय म्हणतो ते पाहू लागलो, की एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. तो वाटेपेक्षा वाटेची गरज असलेल्या माणसाला ओळखतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चे कलम १४३ तहसीलदाराला रस्त्याच्या हक्काचा निर्णय देण्याचा अधिकार देते. पण तो हक्क शेतजमीन धारण करणाऱ्याचा, आणि तोही दुसऱ्यांच्या बांधांवरून आपल्या शेतात जाण्यापुरता. १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम अडथळा दूर करून देतो. पण तिथेही शेताकडे जाणारा रस्ता किंवा रूढ वाट हाच विषय, आणि दावा सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. १८८२ चा सुविधाधिकार कायदा वीस वर्षे उघडपणे, निर्वेधपणे आणि हक्क म्हणून केलेल्या वापराला मान्यता देतो. पण मुळात तो एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर असलेल्या हक्काचा कायदा आहे. अलीकडे, २०२५ मध्ये, शासनाने शेतरस्ता शक्यतो तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सात-बाराच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात व्हावी असे आदेश दिले. ट्रॅक्टर बांधावरून जात नाही हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या आदेशाचे मोल सांगायला नको. परंतु तोही शेतरस्ताच.

मग जिला शेत नाही, पण देवीला जायचे आहे, तिचे काय? लेणे पाहायला निघालेल्या विद्यार्थ्याचे काय? देहूला चालत निघालेल्या वारकऱ्याचे काय? असे नाही की अशा हक्काची कल्पनाच आपल्या न्यायशास्त्रात नाही. १८८८ मध्ये चुनीलाल विरुद्ध रामकिशन साहू या खटल्यात कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने वाटेच्या हक्कांचे तीन प्रकार सांगितले : खाजगी वाट, गावकऱ्यांसारख्या एखाद्या समूहाची रूढीने चालत आलेली वाट, आणि सर्वांसाठी खुली असलेली सार्वजनिक वाट. सुविधाधिकार कायद्याचे दुसरे कलमही लोकांच्या रूढ हक्कांना धक्का न लावता बाजूला ठेवते. कल्पना आहे, अडचण पुराव्याची आहे. सार्वजनिक वाट सिद्ध करायला दिवाणी न्यायालयात जावे लागते, आणि सगळ्यांची वाट असली की न्यायालयात जाणारा कुणीच नसतो.

स्मारकांच्या बाबतीत तर गंमतच आहे. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्याच्या अठराव्या कलमाने संरक्षित स्मारकात प्रवेश करण्याचा हक्क जनतेला दिलेला आहे. भाजे, बेडसे, कार्ले, लोहगड, विसापूर ही सगळी संरक्षित स्मारके. लोहगड तर जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत, मराठा लष्करी भूप्रदेशाच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून, गेला. पण हा हक्क स्मारकाच्या दाराशी सुरू होतो. भाज्याहून गायमुख खिंडीत आणि खिंडीतून लोहगडाच्या पायथ्याशी नेणारी जुनी पायवाट, किंवा पवन मावळाच्या बाजूने बेडशाच्या लेण्याकडे चढणारी वाट, यांचे कुठले टप्पे कुणाच्या सर्व्हे नंबरातून जातात आणि तिथे चालणाऱ्याचा हक्क कोणता, हे स्मारकाच्या फलकावर नसते. किल्ला जगाचा, दरवाजा जनतेचा, आणि दरवाजापर्यंतची वाट ज्याच्या त्याच्या सौजन्यावर अवलंबून.

पण १९६६ च्या त्याच अधिनियमात एक कलम असे आहे की ज्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. कलम १६५. त्यात म्हटले आहे की जिल्हाधिकाऱ्याने प्रत्येक गावातल्या रूढी शोधून नोंदवाव्यात, आणि त्यांत सिंचनाचा हक्क, वाटेचा हक्क, मासेमारीचा हक्क हे सगळे येते. मुख्य म्हणजे ही नोंद सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या ताब्यात नसलेल्या जमिनीबद्दलची, म्हणजे खाजगी जमिनीबद्दलची आहे. या नोंदीचे नाव ‘वाजिब-उल-अर्ज’. नाव फारसी आणि वळण मध्य प्रांतातले. निस्तारपत्रकाबरोबर ते आपल्या संहितेत आले. विदर्भात निस्ताराची परंपरा जुनी, तिथे हा शब्द अनोळखी नाही. आमच्या पश्चिमेकडच्या जिल्ह्यांत तो उच्चारला तर समोरचा माणूस उर्दू गझलेचा विषय निघाला असे समजेल. या कलमाचे बळ मात्र थोडे नाही. प्रसिद्ध झालेली नोंद, दिवाणी दाव्याच्या निकालाच्या अधीन, निर्णायक मानली जाते. हरकत असणाऱ्याला एक वर्षाच्या आत दावा लावता येतो. आणि हितसंबंध असलेल्या व्यक्तीच्या अर्जावरून किंवा स्वतःहून जिल्हाधिकारी नोंदीत बदल करू शकतात, नवी नोंदही घालू शकतात. वाटेची गरज कुणाला आहे, हा प्रश्न इथे नाही. गावाची रूढी काय आहे, हा प्रश्न आहे. तुटक रेषेला बोलायला जागा मिळेल असे दप्तर आपल्याकडे साठ वर्षे कायद्यात आहे, आणि आपण ते उघडलेले नाही.

इंग्लंडने हे काम १९४९ च्या कायद्याने हाती घेतले. तिथल्या पॅरिशांनी, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतींसारख्या संस्थांनी, आपापल्या हद्दीतल्या पायवाटा स्वतः चालून, पाहून लिहून काढल्या आणि त्यावरून परगण्यांचे निर्णायक नकाशे झाले. नकाशावर आली ती वाट वादातीत ठरली. पुढे २००० च्या कायद्याने राहिलेल्या ऐतिहासिक वाटा नोंदवण्याची मुदत १ जानेवारी २०२६ ठरवली, मग ती २०३१ पर्यंत वाढवली गेली आणि डिसेंबर २०२४ मध्ये ही मुदतच काढून टाकण्याचा निर्णय तिथल्या सरकारने जाहीर केला. मधल्या काळात असंख्य हौशी माणसे जुने नकाशे, चर्चची दप्तरे, मोजणीच्या वह्या चाळत बसली होती. इंग्रजांच्या सगळ्याच गोष्टींचे अनुकरण करावे असे नाही. पण आपल्या गावांचे नकाशे ज्यांनी काढले त्यांनी मायदेशी पायवाटेला किती गंभीरपणे घेतले, एवढे तरी पाहावे.

इथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो घेतलाच पाहिजे. वाटेची नोंद म्हणजे पुन्हा मावळच्या शेतकऱ्याच्याच जमिनीवर हक्क सांगणे नव्हे काय? टाटांच्या तलावांना जमीन त्याची, पवना धरणाला त्याची, द्रुतगती मार्गाला आणि औद्योगिक वसाहतीला त्याची. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ जलवाहिनीविरोधी आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन जण मेले. ‘सार्वजनिक हित’ या शब्दाची किंमत इथे कुणी मोजली हे सांगायला नको. त्यात शनिवार-रविवारच्या पाहुण्यांनी बांध तुडवायचे, पाण्याच्या बाटल्या भातखाचरात टाकायच्या, आणि वर हक्क सांगायचा!

आमचे म्हणणे असे की नोंद नसण्याचा तोटा याच शेतकऱ्याला सर्वांत जास्त होतो. ज्याने सौजन्याने वाट दिली त्याला पुढे ती हक्क म्हणून मागितली जाण्याची धास्ती असते. म्हणून तो ती वेळेआधीच बंद करतो. कायदा तर परवानगीने केलेल्या वापराला हक्क मानतच नाही. पण परवानगी होती हे तरी कुठे लिहिलेले असते? सव्वाआठ फूट लिहिले गेले तर नववा फूट त्याचा राहतो. लिहिले गेले नाही तर पावसाळ्यात चिखल चुकवत माणसे खाचरातून पंधरा फूट पसरतात. आणि जमीन विकली गेली की नव्या मालकाच्या कुंपणाने सर्वांत आधी अडतो तो शेजारचा शेतकरीच.

आता साहित्याच्या शिक्षकांचा या सगळ्याशी काय संबंध, असा प्रश्न उरतो. संबंध पुराव्याचा आहे. मराठीतली पहिली स्थलनोंद ही महानुभावांची आहे हे आपण वर्गात शिकवतो. तिच्या पद्धतीकडे मात्र क्वचितच लक्ष देतो. श्रीचक्रधरांच्या भ्रमणातली ठिकाणे कुठल्या गावात, कुठल्या देवळाच्या कुठल्या बाजूला, दाराच्या कुठल्या दिशेला, हे ‘स्थानपोथी’ बारकाईने सांगते. आठवणींत फरक पडला तर तो लपवायचा नाही, ‘वासना’ म्हणून शेजारी ठेवायचा, ही त्या परंपरेची शिस्त. वाटेच्या नोंदीला याहून चांगली शिस्त कोणती? एका म्हाताऱ्याच्या मते वाट आंब्याच्या वरून, दुसऱ्याच्या मते खालून, दोन्ही लिहायचे.

नंतरच्या काळात यायचे तर तळेगावातच राहिलेले गो. नी. दांडेकर (१९१६-१९९८) आहेत. ‘पवनाकाठचा धोंडी’ आणि ‘माचीवरला बुधा’ या कादंबऱ्या पवनेच्या खोऱ्यात आणि राजमाचीवर घडतात, आणि त्या लिहिणारा माणूस हा सगळा मुलूख पायी तुडवलेला. कादंबरी हा न्यायालयात पुरावा होत नाही, हे मान्य. पण कोणत्या वाटेविषयी कुणाला विचारावे, याचा माग ती देते. त्याहून थेट सामग्री जात्यावरच्या ओव्यांची आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी मुळशी-मावळच्या गावांपासून सुरुवात करून लाखभर ओव्या गोळा केल्या. माहेरची वाट, आळंदी-देहूची वाट, भावाच्या येण्याची वाट हे या ओव्यांचे नेहमीचे विषय, आणि प्रत्येक ओवीबरोबर गाणारी बाई कोण, कुठल्या गावची, हे टिपलेले. बाईच्या पायाखालची वाट गॅझेटियरने सोडली होती, ती तिने स्वतः दळता दळता सांगून ठेवली.

गावनकाशाची प्रत, पोटखराबाचा तपशील, एकत्रीकरणापूर्वीचा सर्व्हे नंबर आणि आजचा गट, वाटेवरची टाकी, पार, विरगळ, देवीची घुमटी, आणि वाट चाललेल्या माणसांची साक्ष असे सारे एका वाटेपुरते जरी एकत्र केले, तरी कलम १६५ खालचा अर्ज उभा राहतो. महाविद्यालयातल्या एका प्रकल्पाच्या आवाक्यातले हे काम आहे. यातले नकाशे दप्तरात राहतील, दगडही बरेचसे राहतील. साक्षींना मात्र मुदत आहे. पवना धरणाचे पाणी सत्तरच्या दशकाच्या आरंभी चढले. त्याआधी तुंग, तिकोना आणि लोहगड यांच्यामधले खोरे वहाणा हातात घेऊन, नदी उतरून, ज्यांनी पायी ओलांडले ती माणसे आज सत्तरीच्या पुढची आहेत. पहिली वही त्यांच्याकडे घेऊन जायला हवी.